वीणेची सागरयात्रा

(राजाश्रय सोडून स्वतःच्या कलेच्या बळावर परदेशी गेलेल्या एका वादकाची ही हकीकत आहे. पदरी द्रव्य थोडे, देश अनोळखी आणि श्रोते अजाण असताना कलावंताला कोणकोणत्या अडचणींतून वाट काढावी लागते, हे या पाठात सांगितले आहे.)

नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी १८६३ साली गायकवाडांच्या एका शेतकरी कुटुंबात गोपाळराव नावाचा मुलगा जन्मास आला. बारा वर्षांचा होईपर्यंत तो गावच्या इतर मुलांसारखाच वाढला. १८७५ साली बडोद्याच्या राजगादीवर त्याची दत्तक म्हणून निवड झाली आणि पुढे तोच महाराज सयाजीराव गायकवाड या नावाने कीर्तिमान झाला. सयाजीरावांनी आपल्या राज्यात शाळा काढल्या, ग्रंथालये उघडली, हे सर्वांना ठाऊक आहे. संगीत ही देखील शाळेत शिकविण्याजोगी विद्या आहे, असेही त्यांचे मत होते. त्यामुळे १८८६ साली बडोद्यास एक गायनशाळा सुरू झाली आणि मौलाबक्ष हे तिचे प्रमुख झाले.

मौलाबक्ष हे उत्तरेच्या संगीतात निष्णात होतेच; शिवाय म्हैसूरकडे राहून त्यांनी कर्नाटक संगीताचाही अभ्यास केला होता. त्या काळी गाणे शिकावयाचे म्हणजे गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहावे, त्यांची सेवा करावी आणि त्यांच्या मर्जीप्रमाणे जे कानावर पडेल ते कंठात साठवावे, अशी रीत होती. मौलाबक्षांनी स्वरांसाठी लेखनपद्धती तयार केली आणि गाणे फळ्यावर लिहून वर्गातील अनेक मुलांना एकाच वेळी शिकविण्यास प्रारंभ केला. बडोद्याच्या आजच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयातील संगीत विभागाचे मूळ याच शाळेत आहे.

या मौलाबक्षांच्या घरी ५ जुलै १८८२ रोजी त्यांचा नातू इनायत खाँ याचा जन्म झाला. वडील रहमत खाँ हे पंजाबकडील धृपदिये होते. घरात पहाटेपासून रात्रीपर्यंत तंबोऱ्याचा झंकार चालू असे. लहानपणी दरबारात संस्कृत स्तोत्र गाऊन इनायतने सयाजीरावांकडून बक्षीस मिळविले होते. एका मामांनी लंडनला जाऊन पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतले होते. त्यांच्यामुळे युरोपीय स्वरलिपीचीही त्याला तोंडओळख झाली. अशा रीतीने उत्तरेचे गाणे, दक्षिणेची वीणा आणि पश्चिमेची स्वरलिपी अशी तिहेरी शिदोरी त्याला घरातच मिळाली. वयात आल्यावर तो त्याच गायनशाळेत शिक्षकही झाला.

त्या काळी गवयी आणि वादक यांचा निर्वाह राजाश्रयावर चालत असे. बडोदे दरबारात कलावंतांचे स्वतंत्र खाते होते. ठरलेले वेतन मिळे, सणावारी पोशाख मिळे, अंगठी किंवा पदक मिळे. पोटाची विवंचना नसल्यामुळे कलावंताला साधनेसाठी सवड लाभे, ही राजाश्रयाची मोठीच देणगी होय. परंतु या देणगीची किंमतही द्यावी लागे. कोणी ऐकावे, केव्हा ऐकावे आणि काय ऐकावे, हे सर्व धनी ठरवीत असे. राजवाड्याच्या भिंतीबाहेरचा सामान्य माणूस त्या सुरांना पारखाच राही. शिवाय धनी बदलला किंवा त्याची आवड बदलली, म्हणजे मोठ्या कलावंताचाही आधार एका दिवसात नाहीसा होई.

या रीतीला मुरड घालण्याचे धाडस महाराष्ट्रातील ज्या पुरुषाने केले, त्याचे नाव नाशिककरांच्या ओठांवर आजही आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १८९६ साली मिरजेचा आश्रय सोडला आणि ते मोजक्या सोबत्यांसह प्रवासास निघाले. सौराष्ट्रात त्यांनी सर्वसामान्य लोकांसाठी जाहीर जलसा केला. राजाच्या इनामावर न विसंबता श्रोत्यांनी दिलेल्या पैशावर गवयाने उभे राहावे, ही कल्पना त्या काळी अगदी नवी होती. १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि पुढे मुंबईस त्याचा विस्तार केला. मुंबईच्या वास्तूसाठी झालेले कर्ज मात्र फिटले नाही, आणि ती इमारत त्यांच्या हातून गेली. उत्तरायुष्यात त्यांनी नाशिकास पंचवटीत रामनामाच्या आधाराने आश्रम थाटला. पंचवटीतील सभागृहाला त्यांचे नाव दिलेले आहे. स्वातंत्र्य गोड असते, पण त्याचा हिशेब स्वतःलाच चुकवावा लागतो, हे त्यांच्या चरित्रावरून दिसून येते.

इनायत खाँ हे पलुसकरांहून दहा वर्षांनी लहान. तेही बडोदे सोडून हिंदुस्थानभर फिरले. मद्रास, म्हैसूर, हैदराबाद, कलकत्ता अशा ठिकाणी त्यांचे गाणे आणि वीणावादन झाले. अनेक संस्थानिकांनी त्यांना पदके दिली. कलकत्त्यात असताना या पदकांची पेटी एका गाडीत विसरली आणि पुष्कळ शोध करूनही ती परत मिळाली नाही. प्रथम त्यांना फार वाईट वाटले. पण विचार करता त्यांच्या ध्यानात आले, की पदके गेली तरी बोटांतील विद्या जागच्या जागी आहे. १९०९ साली त्यांच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. त्यांचे आध्यात्मिक गुरू हैदराबादेस राहत असत. संगीताच्या योगाने पूर्व आणि पश्चिम यांची मने जुळवावीत, असा उपदेश त्यांनी आपल्या शिष्याला केला होता. गुरूंचे निधन झाल्यावर हा उपदेश इनायत खाँ यांच्या मनात अधिकच घोळू लागला.

१३ सप्टेंबर १९१० रोजी इनायत खाँ मुंबईच्या बंदरातून अमेरिकेस निघाले. सोबत धाकटे बंधू महेबूब खाँ आणि आतेमामेभावांपैकी महंमद अली खाँ असे दोघेजण होते. तिघेही तिशीच्या आतले. कोणा राजाने त्यांना पाठविले नव्हते, कोणा व्यापाऱ्याने त्यांची हमी घेतली नव्हती. परदेशी त्यांची वाट पाहणारे सभागृह नव्हते आणि छापलेली तिकिटेही नव्हती. त्यांची सारी मालमत्ता म्हणजे वाद्ये, गळा आणि परस्परांची सोबत.

आपल्या वाद्यांना सागरप्रवास मानवत नाही. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळवलेले फळच होय; त्याला किंचित धक्का बसला तरी तडा जातो. हवा दमट असली म्हणजे तबल्याची पुडी सैल होऊन स्वर उतरतो, आणि थंड मुलखातील शेगडीने तापवलेल्या कोरड्या खोलीत तीच पुडी ताणून स्वर चढतो. लाकूड आकसते, पडदे हलतात, खुंट्या सुटतात. तार तुटली तर दुसरी आणावयाची कोठून? परक्या देशी मिरजेचा कारागीर भेटत नाही. म्हणून प्रवासी वादकाला वाद्य वाजविता येणे पुरेसे नसते. त्याची दुरुस्तीही स्वतःलाच करता यावी लागते.

अमेरिकेत या मंडळींनी आपल्या वृंदाला ‘रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्थान’, म्हणजे हिंदुस्थानचे राजगायक, असे नाव घेतले. या नावात थोडा विनोद आणि बरेचसे दुःख भरलेले आहे. नाव राजाचे होते, पण राजा मागे राहिला होता. आता रोजच्या भाकरीची तजवीज त्यांची त्यांनाच करावयाची होती.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विश्वविद्यालयात त्यांच्या संगीताचे स्वागत झाले. विद्वानांनी कौतुक केले. पण कौतुकाने खोलीचे भाडे चुकत नाही. सामान्य श्रोत्यांची अडचण निराळीच होती. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी वाजतात आणि त्यांच्या मेळातून आनंद निर्माण होतो. आपल्या संगीतात एक स्वर दुसऱ्या स्वराकडे कसा जातो, वाटेत कसा थबकतो, कसा वळतो, यात सारी गोडी असते. पियानोचे स्वर ठरावीक अंतरावर बांधलेले. आपला गवयी त्या अंतरांच्या मधल्या श्रुतींतून मींड घेत फिरणारा. ज्या कानांना ही वाट ठाऊक नाही, त्यांना आलाप म्हणजे सुरुवातच न होणारे गाणे वाटावे, यात नवल नाही.

अशा स्थितीत रूथ सेंट डेनिस नावाच्या अमेरिकन नर्तिकेने त्यांना आपल्या कार्यक्रमात साथीला बोलाविले. ही नर्तिका हिंदुस्थानातील कथा आणि वेष यांवरून कल्पिलेली नृत्ये रंगमंचावर करीत असे. १९११ साली तिच्या दौऱ्यासोबत इनायत खाँ आणि त्यांचे बंधू अमेरिकेतील शहरोशहरी हिंडले. त्यामुळे प्रवासखर्च भागला, मुक्काम मिळाला, मोठमोठी नाट्यगृहे पाहावयास मिळाली. परंतु प्रेक्षक नृत्य पाहावयास येत, राग ऐकावयास नव्हे. ज्या वीणेपुढे दरबारात स्तब्धता पसरत असे, ती येथे नृत्याच्या देखाव्याचा एक भाग होऊन बसली.

येथे आपण क्षणभर थांबून विचार करावा. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? एक मार्ग असा, की हा अपमान समजून काम सोडावे आणि परतीचे तिकीट काढावे. दुसरा मार्ग असा, की लोकांना देखावाच हवा आहे तर देखावाच द्यावा. राग आटोपता घ्यावा, झगमगीत पोशाख करावा आणि पैसे मिळवावेत. पहिल्या मार्गात मान राहतो, पण कार्य बुडते. दुसऱ्या मार्गात कार्यक्रम वाढतात, पण कला बुडते.

इनायत खाँ यांनी तिसरा मार्ग धरला. निर्वाहासाठी साथीचे काम त्यांनी प्रामाणिकपणे केले, पण तेच आपले संगीत आहे असे कोणाला समजू दिले नाही. संधी मिळेल तेथे त्यांनी विश्वविद्यालयांतून आणि सभांतून व्याख्याने दिली, राग म्हणजे काय ते समजावून सांगितले आणि मग वीणा हाती घेतली. सॅन फ्रान्सिस्को येथे स्वामी त्रिगुणातीतानंद यांच्या हिंदु मंदिरात त्यांचे व्याख्यान झाले. तेथे मशिदीची परंपरा मानणारा वादक वेदान्ताच्या मंदिरात बसून गात होता, आणि समोर अमेरिकन श्रोते होते. त्या श्रोत्यांतील एक बाई पुढे त्यांची पहिली पाश्चात्त्य शिष्या झाली. मोठ्या नाट्यगृहातील गर्दीने जे दिले नाही, ते एका लहान सभेने दिले. पुढे धाकटे बंधू मुशर्रफ खाँ हेही येऊन त्यांना मिळाले.

१९१२ साली ही मंडळी इंग्लंडास आणि तेथून फ्रान्सला गेली. लंडनमध्ये हिंदी संगीताचा अभ्यास करणारे फॉक्स स्ट्रँगवेज यांच्यासारखे जाणकार भेटले. पॅरिसमध्ये संगीतरचनाकार क्लोद देब्युसी यांनी रागांविषयी आस्था दाखविली. जो मनुष्य स्वतः नव्या स्वरांच्या शोधात असतो, त्याला परका स्वर परका वाटत नाही, असेच म्हणावयाचे. १९१३ साली लंडन येथे इनायत खाँ यांचा ओरा रे बेकर नावाच्या अमेरिकन तरुणीशी विवाह झाला.

त्याच वर्षी मॉस्कोहून बोलावणे आले. मंडळी मोठ्या उमेदीने रशियात गेली. तेथे पोहोचल्यावर कळले, की जेथे वाजवावयाचे ते ‘मॅक्सिम’ हे स्थान श्रीमंतांच्या रात्रीच्या मौजमजेचे आहे. लोक तेथे खाण्यापिण्यासाठी आणि नाचगाण्यासाठी जमत. थंडी कडाक्याची, भाषा अगम्य आणि करार झालेला. पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला.

याही वेळी त्यांनी करार पाळला आणि आपल्या खऱ्या श्रोत्याचा शोध चालू ठेवला. तो शोध व्यर्थ गेला नाही. सुप्रसिद्ध कादंबरीकार लिओ टॉलस्टॉय यांचे पुत्र सर्गेई टॉलस्टॉय हे स्वतः संगीतज्ञ होते. त्यांच्याशी इनायत खाँ यांचा स्नेह जुळला. रचनाकार स्क्रिॲबिन यांचीही भेट झाली. त्याच सुमारास अलेक्सांद्र ताइरोव नावाचे दिग्दर्शक मॉस्कोत एक नवे नाट्यगृह काढण्याच्या खटपटीत होते. १९१४ च्या डिसेंबरात त्या कामेर्नी नाट्यगृहाचा पडदा उघडला, तो कालिदासाच्या ‘शाकुंतला’ने, आणि त्या प्रयोगाच्या संगीतात इनायत खाँ यांनी दिलेल्या चालींचा उपयोग करण्यात आला. बडोद्याच्या गायनशाळेतील स्वर, उज्जयिनीच्या कवीचे नाटक आणि मॉस्कोचा बर्फाळ हिवाळा यांची गाठ एका अल्पधन कलावंताच्या प्रवासामुळे पडली. तोपर्यंत मात्र इनायत खाँ रशिया सोडून गेले होते.

मॉस्कोतच १ जानेवारी १९१४ रोजी त्यांच्या कन्येचा, नूर हिचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात हीच नूर इनायत खाँ शत्रूच्या ताब्यातील पॅरिसमध्ये गुप्तपणे बिनतारी संदेश पाठविण्याचे काम करीत होती. १३ सप्टेंबर १९४४ रोजी तिला जर्मनांच्या दाखाउ येथील छावणीत ठार मारण्यात आले. बरोबर चौतीस वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, तिच्या पित्याने मुंबईचे बंदर सोडले होते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि इनायत खाँ यांचा वृंद लंडनमध्ये अडकला. युद्धाच्या दिवसांत लोकांना परक्या देशाचे संगीत ऐकण्याची फुरसत कोठून असणार? कुटुंब वाढत होते आणि मिळकत तुटपुंजी होती. तरी व्याख्याने, शिकवण्या आणि लहान लहान बैठकी यांवर त्यांनी दिवस काढले. हळूहळू लोक त्यांच्याकडे वादक म्हणून न येता विचारवंत म्हणून येऊ लागले. युद्ध संपल्यावर त्यांनी सूफी तत्त्वज्ञानाच्या प्रसाराला सर्वस्व वाहिले आणि वीणा बाजूस ठेवली. १९२६ साली ते भारतात परतले आणि ५ फेब्रुवारी १९२७ रोजी दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले.

ज्या वीणेसाठी सागर ओलांडला, तीच वीणा शेवटी खाली ठेवावी लागली, हे वाचून मनाला चटका बसतो. कोणी म्हणेल, त्यांनी संगीत सोडले नाही, ते फक्त शब्दांत उतरविले. कोणी म्हणेल, पोट आणि ध्येय या दोहोंच्या ओढाताणीत एक थोर वादक जगाने गमावला. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. काहीही असो, त्यांनी वाट मळली, एवढे खरे. पुढे १९३०-३१ च्या सुमारास उदयशंकर यांच्या नृत्यवृंदाने पॅरिस जिंकले, तेव्हा त्या वृंदाच्या संगीतात विष्णु दिगंबरांचे शिष्य विष्णुदास शिराळी यांचाही वाटा होता. आणि त्याच वृंदात रविशंकर नावाचा एक लहान मुलगाही होता. हाच मुलगा मोठेपणी, १९५६ साली, सतार घेऊन युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. त्याच्या आदल्या वर्षी विष्णु दिगंबरांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु पलुसकर भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनला जाऊन आले होते. संस्थानिकांच्या जागी आता स्वतंत्र देशाचे सरकार कलावंतांना परदेशी पाठवू लागले होते.

तथापि सर्वांनाच शिष्टमंडळात जागा मिळत नाही. आजही पुष्कळ कलावंत स्वतःच्याच हिमतीवर निघतात. समजा, नाशिकच्या इंदिरानगरातील एखादी तरुण बासरीवादक किंवा तबलजी युरोपच्या दौऱ्यावर निघाली आहे. तिला बोटीत आठवडे काढावे लागत नाहीत. रात्री मुंबईस विमानात बसली, की सकाळी ती परदेशी उतरते. तिचे वादन तिच्या आधीच ध्वनिमुद्रणाच्या रूपाने तेथे पोहोचलेले असते. तंबोऱ्याचे काम खिशातील दूरध्वनी करतो. परंतु इनायत खाँ यांच्यापुढील बहुतेक प्रश्न वेष पालटून तिच्याहीपुढे उभे असतात.

पहिला प्रश्न हिशेबाचा. समजा, विमानाचे भाडे, प्रवेशपरवाना आणि विमा मिळून दीड लाख रुपये खर्च आला. तिने एकच कार्यक्रम केला, तर सारा भार त्या एका कार्यक्रमावर पडेल. तिने दहा गावी दहा कार्यक्रम केले, तर प्रत्येक कार्यक्रमावर पंधरा हजारांचाच भार येईल. म्हणून शहाणा कलावंत एका मोठ्या सभागृहाची वाट पाहत बसत नाही. एकाच लोहमार्गावरील लहान लहान गावे ओळीने निवडतो, म्हणजे मागे-पुढे फिरण्याचा खर्चही वाचतो. मात्र दिवस मोजूनच दौरा आखावा लागतो. युरोपातील शेंगेन करारातील देशांत अल्पमुदतीच्या परवान्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. शिवाय तेथे मोबदला घेऊन कार्यक्रम करावयाचा असेल, तर त्या त्या देशाचे नियम निराळे असतात, ते आधी पाहावे लागतात.

दुसरा प्रश्न वाद्याचा. जुन्या वीणेवर हस्तिदंताची नक्षी असेल, तर हत्तींच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यांमुळे ती सीमेवर अडते. वाद्ये तात्पुरती नेऊन परत आणावयाची आहेत, विकावयाची नाहीत, असे दाखविणारा ‘कार्ने’ नावाचा दाखला असतो. भारतात तो फिक्की ही व्यापारी महासंस्था देते. भोपळा मात्र आजही भोपळाच आहे! विमानातील सामानाच्या ढिगात तो फुटू नये म्हणून वादक कपड्यांपेक्षा वाद्याच्या गवसणीची चिंता अधिक करतात.

तिसरा प्रश्न मुक्कामाचा. येथे मात्र आजच्या कलावंताला एक मोठा आधार लाभला आहे. जगातील अनेक शहरांत मराठी माणसांनी महाराष्ट्र मंडळे स्थापन केली आहेत. गणेशोत्सवाला, दिवाळीला तेथे कार्यक्रम होतात. पाहुण्या कलावंताला कोणाच्या तरी घरी उतरविण्यात येते. पिठले-भात खाऊ घालतात, स्थानकावर पोहोचवितात. हा देखील आश्रयच, पण तो एका धन्याचा नसून अनेक घरांचा आहे. त्यात उपकार आणि प्रेम यांची सरमिसळ असते. कलावंतानेही त्या घराची शिस्त पाळावी, मुलांना चार बोल शिकवावेत आणि परतल्यावर आठवणीने पत्र धाडावे, हे त्याला शोभून दिसते.

चौथा प्रश्न सर्वांत कठीण, आणि त्याचे उत्तर कोणत्याही कचेरीत मिळत नाही. काय विकावे आणि काय विकू नये? श्रोते म्हणतात, आलाप नको, काहीतरी झटपट वाजवा. एखादे उपाहारगृह म्हणते, लोक जेवत असताना कोपऱ्यात बसून वाजवा. रिकाम्या खिशाला असे बोलावणे नाकारणे सोपे नसते. आणि दर वेळी नाकारलेच पाहिजे असेही नाही. इनायत खाँ यांनी मॅक्सिममध्ये वाजविले, म्हणून त्यांची वीणा हलकी झाली नाही. ते तेथे काय वाजवीत होते आणि दिवसा कोणाच्या शोधात होते, हे महत्त्वाचे. वेळ विकता येतो, श्रम विकता येतात. पण सुराचा खरेपणा एकदा विकला, की तो कोणत्याही दौऱ्याच्या मिळकतीतून परत घेता येत नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी सर्वच काही गायक-वादक होणार नाहीत. कोणी कारागीर होईल, कोणी डॉक्टर, कोणी शेतकरी. परंतु आपले काम घेऊन अनोळखी माणसांपुढे उभे राहण्याची वेळ प्रत्येकावर येते. त्या वेळी पदरी द्रव्य थोडे असेल, सोबत कोणी नसेल, समोरच्याला आपल्या कामाची पारख नसेल. अशा समयी खर्चाचा हिशेब चोख ठेवावा, दिलेला शब्द पाळावा आणि आपल्या कामाची पारख असणारा एक तरी माणूस सापडेपर्यंत शोध सोडू नये. कवळाण्याच्या मुलाने उघडलेल्या शाळेतून निघालेली वीणा मॉस्कोपर्यंत पोहोचली, ती याच रीतीने.

शब्दार्थ

राजाश्रय — राजाने दिलेला आधार. 
निष्णात — प्रवीण, तरबेज. 
धृपदिया — धृपद हा गायनप्रकार गाणारा. 
मुरड घालणे — चालत आलेली रीत बदलणे. 
जलसा — गायनवादनाचा कार्यक्रम. 
वृंद — समूह. 
मींड — एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर न तुटता घसरत जाणे. 
श्रुती — स्वरांमधील सूक्ष्म अंतर. 
पुडी — तबल्याच्या तोंडावरील चामडे. 
गवसणी — वाद्याचे आवरण. 
अल्पधन — ज्याच्याजवळ पैसा थोडा आहे असा. 
वाट मळणे — जाऊन येऊन रस्ता रुळविणे.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) बडोद्याची गायनशाळा केव्हा सुरू झाली? तिच्यातील शिकविण्याची पद्धत पूर्वीच्या पद्धतीहून वेगळी कशी होती?
(आ) पदकांची पेटी हरवल्यावर इनायत खाँ यांच्या ध्यानात कोणती गोष्ट आली?
(इ) सागरप्रवासात व परक्या हवेत आपल्या वाद्यांवर कोणते परिणाम होतात?
(ई) पाश्चात्त्य श्रोत्यांना आपला आलाप समजणे कठीण का वाटले?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) राजाश्रयाचे लाभ व तोटे पाठाच्या आधारे सांगा.
(आ) अमेरिकेतील दौऱ्यात इनायत खाँ यांच्यापुढे कोणते दोन मार्ग होते? त्यांनी तिसरा मार्ग कोणता निवडला?
(इ) ‘नाव राजाचे होते, पण राजा मागे राहिला होता,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

३. आपले मत लिहा.
इनायत खाँ यांनी शेवटी वीणा बाजूस ठेवली, हे तुम्हांस योग्य वाटते काय? कारणे द्या.

४. हिशेब करा.
एका वादकाच्या दौऱ्याचा प्रवासखर्च १,२०,००० रुपये आहे. त्याने ८ कार्यक्रम केले तर प्रत्येक कार्यक्रमावर किती रुपयांचा भार पडेल? १२ कार्यक्रम केले तर किती?

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
चटका बसणे, सर्वस्व वाहणे, हिमतीवर निघणे, दिवस काढणे.

६. उपक्रम.
आपल्या गावातील किंवा वसाहतीतील एखाद्या गायकाची किंवा वादकाची भेट घ्या. वाद्याची निगा ते कशी राखतात आणि त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम कोठे झाला, हे विचारून दहा ओळी लिहा.